गाणं कुणाचं, नाव कुणाचं?



आज जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. कर्जाचे हप्ते, ग्रामसंघाची बैठक, दशसूत्री हे सगळं पुढच्या वेळी. आज गाण्यावर बोलू. तेही आपल्या नाही, समुद्रापलीकडच्या ब्राझील देशातल्या गाण्यावर. पण शेवटपर्यंत ऐका, कारण ते गाणं फिरून आपल्याच दारात येऊन थांबतं.

झालं असं. आमच्या घुग्घुसच्या गटातल्या एक मावशी कॉलनीत स्वयंपाकाला जातात. त्या घरच्या साहेबांची बदली झाली. सामान बांधताना बाईंनी जुनी भांडी, दोन चादरी आणि सीडींचा एक डबा मावशींना देऊन टाकला. मावशींकडे सीडी लावायला काही नाही, म्हणून डबा गटाच्या खोलीवर आला. तिथे एक जुना प्लेअर आहे, पंधरा ऑगस्टला कामी येतो. उन्हाळ्यात आम्ही सरगुंडे आणि कुरड्या करत होतो. आठ-दहा बायका बसलेल्या, हात पिठात. कुणीतरी म्हणालं, लावा वो एखादी. हाताला आली ती लावली. कव्हरवर समुद्राचं चित्र आणि इंग्रजीत लिहिलेलं, बोसा नोव्हाची जुनी निवडक गाणी.

पहिलं गाणं सुरू झालं आणि सगळ्यांना वाटलं प्लेअर बिघडला. आवाज इतका हळू. एका काकूंनी तर उठून बटण फिरवून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "हे काऊन कानात सांगल्यावानी गाते वो? घरात कोणी झोपलं हाय का?"

मैत्रिणींनो, काकूंनी हसत म्हटलं, पण त्या बोसा नोव्हाच्या मर्मावरच बोट ठेवून गेल्या. हे मला नंतर कळलं. माझी पुतणी कॉलेजात आहे. तिच्या मोबाईलवर आम्ही दोघींनी चार-पाच रात्री बसून वाचलं, आणि वाचता वाचता मी त्यात गुंतत गेले.

ब्राझील हा दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात मोठा देश. तिथे पोर्तुगीज भाषा बोलतात. आपल्या गोव्यावर १९६१ पर्यंत ज्यांचं राज्य होतं तेच पोर्तुगीज तिथेही राज्य करत होते. तिथलं मोठं लोकसंगीत म्हणजे सांबा. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी घडवलेलं. कार्निव्हल नावाचा त्यांचा सण असतो, त्यात रस्त्यावर शेकडो ढोल वाजतात. आपल्याकडे वरातीत डफडं आणि बँड एकदम सुरू झाला की छातीत धडधडतं ना, तसं समजा.

आता रिओ दि जानेरो या शहरात, १९५० नंतरच्या वर्षांत, काही तरुण मुलं-मुली फ्लॅटमध्ये राहत होती. फ्लॅटमध्ये शंभर ढोल कुठून वाजवणार? शेजारी भांडायला येतील. कोपाकबाना नावाच्या समुद्रकाठच्या भागात नारा लेआंव नावाची एक मुलगी राहायची. तिच्या घरी ही मंडळी गिटार घेऊन जमायची आणि रात्री उशिरापर्यंत हळू आवाजात गायची. तोच सांबा, पण दाराआड बसून म्हटलेला. 'बोसा नोव्हा' म्हणजे साधारण 'नवी ढब', नवी तऱ्हा.

यातला खरा कारागीर म्हणजे जुआंव जिल्बेर्तो. बाईया राज्यातल्या जुआझेरो या गावात १९३१ साली जन्मला. शहरात जाऊन नशीब काढायला निघाला, जमलं नाही, खिसा रिकामा झाला. मग बहिणीच्या घरी जाऊन राहिला. तिथे तो दिवसदिवस न्हाणीघरात बसून गिटार वाजवायचा, कारण बंद न्हाणीत आवाज चांगला घुमतो. घरच्यांना काय वाटलं असेल ते तुम्हीच समजा. आपल्याकडे असा भाऊ बहिणीच्या सासरी येऊन बसला असता तर बहिणीला किती ऐकावं लागलं असतं! पण त्या न्हाणीत त्याने एक गोष्ट साधली. सांब्यात एक मोठा ढोल असतो, तो जड ठोका देतो. आणि एक छोटं वाद्य असतं, ते मधल्या जागा भरत तुटक तुटक वाजतं. जुआंवने मोठ्या ढोलाचं काम अंगठ्याला दिलं आणि छोट्या वाद्याचं काम बाकीच्या बोटांना. एका गिटारात अख्खी मिरवणूक बसवली.

आणि वरून गायचं कसं? ठोक्याच्या थोडं पुढे, थोडं मागे, जणू बोलतोय. आपल्याकडे जात्यावर ओवी म्हणणारी बाईही हेच करते. जातं एका गतीने फिरतं, आणि ओवीचे शब्द त्यावर कधी लांबतात, कधी आखडतात. घरघर ठेका धरते, बाई मोकळी असते. हे ऐकवल्यावर आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, मंग त्यात नवं काय हाय? मला उत्तर देता आलं नाही.

नवं एक होतं, मायक्रोफोन. पूर्वी गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, म्हणून छाती फोडून गायची रीत. माईक आल्यावर कुजबूजही लाखो माणसांपर्यंत जाऊ लागली. आता मी इथे स्टुडिओत अगदी साध्या आवाजात बोलतेय आणि तुम्ही चुलीपाशी ऐकताय, तसंच.

१९५८ साली या गाण्याला खरं वळण मिळालं. संगीत देणारा आंतोनियो कार्लोस जोबिम, शब्द लिहिणारा व्हिनिसियस द मोराइस, हा व्हिनिसियस सरकारी नोकरीत परराष्ट्र खात्यात होता. या दोघांचं एक गाणं आधी एलिझेत कार्दोझो या नावाजलेल्या गायिकेने म्हटलं, मागे गिटारीवर जुआंव. त्याच वर्षी जुआंवने तेच गाणं स्वतः म्हटलं, आपल्या हळू आवाजात. पुढे तीन वर्षांत, १९५९, १९६० आणि १९६१ साली, त्याच्या तीन मोठ्या तबकड्या निघाल्या. प्रत्येकीवर बारा गाणी. नव्या ढबीचा पाया या छत्तीस गाण्यांत घातला गेला असं मानतात.

पुढे हे गाणं अमेरिकेत पोचलं, आणि तिथे एका बाईची गोष्ट सुरू होते.

मार्च १९६३. न्यूयॉर्कचा स्टुडिओ. स्टॅन गेट्झ हा अमेरिकेचा नामवंत सॅक्सोफोन वाजवणारा, जुआंव, जोबिम, सगळे जमलेले. जुआंवची बायको अस्त्रूद सोबत आलेली, बावीस-तेवीस वर्षांची. ती काही धंद्याची गायिका नव्हती. इपानेमा हा रिओतला समुद्रकिनारा, तिथून चालत जाणाऱ्या मुलीवर एक गाणं होतं. त्याचे काही शब्द इंग्रजीत म्हणायचे होते. जुआंवला इंग्रजी येत नव्हतं, अस्त्रूदला येत होतं, तिचे वडील भाषांचे शिक्षक. म्हणून तिने म्हटलं. साधा, सपाट, बिनाकलाकुसरीचा आवाज.

१९६४ साली तबकडी निघाली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत गेट्झ आणि जिल्बेर्तो, शिवाय जोबिम. अस्त्रूदचं नाव नाही. पुढे हेच गाणं वेगळं, छोट्या तबकडीवर काढलं. रेडिओवर वाजवायला लांब होतं म्हणून कापलं. आणि काय कापलं? जुआंवने पोर्तुगीजमध्ये म्हटलेला भागच कापला. बायकोचा आवाज राहिला, नवऱ्याचा गेला. त्या छोट्या तबकडीवर मात्र तिचं नाव आलं, आणि ते गाणं जगभर गाजलं. १९६५ मध्ये त्याला अमेरिकेतला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. नंतर कितीतरी वर्षं पुरुष मंडळी सांगत राहिली की तिला आम्ही शोधून काढलं. तिला ते आवडलं नाही आणि तिने तसं सांगितलंही. मला सांगा, ती हरवली कधी होती? ती तर तिथेच खुर्चीवर बसलेली होती. २०२३ साली ती वारली.

याच गाण्याची आणखी एक गंमत. ज्या मुलीला चालताना पाहून ते सुचलं ती एलो पिन्येइरो. तिने पुढे आपल्या दुकानाला त्या गाण्याचं नाव दिलं, तर गाणं लिहिणाऱ्यांच्या वारसांनी तिच्यावर दावा लावला! निकाल तिच्या बाजूने लागला म्हणून बरं.

आपल्याकडे याहून वेगळं नव्हतं. १९४९ साली 'महल' सिनेमा आला. त्यातलं लता मंगेशकरांचं गाणं आजही तुम्हाला तोंडपाठ असेल. पण त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. सिनेमातल्या पात्राचं नाव. पडद्यावर दिसणारी दुसरी, गाणारी दुसरी, आणि नाव तिसरंच, जी अस्तित्वातच नाही तिचं. लोक विचारायला लागले ही गाते कोण, तेव्हा कुठे नाव पुढे आलं. फिल्मफेअरचे पुरस्कार सुरू झाले तेव्हा संगीतकाराला बक्षीस होतं, गाणाऱ्याला नव्हतं. मग त्यांच्या कार्यक्रमात मी गाणार नाही, असं लताबाईंनी सांगून टाकलं. १९५९ पासून गाण्याचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला. अडून बसल्याशिवाय काही मिळत नाही, हे आपल्याला बँकेत रोज दिसतं.

बोसा नोव्हाचा ठेका आपल्या सिनेमातही आला बरं का. १९६६ सालच्या 'पती पत्नी' सिनेमात राहुलदेव बर्मन यांनी आशाबाईंकडून त्या ठेक्यावर एक गाणं म्हणवून घेतलं. आणि मुंबईच्या त्या काळच्या वाद्यवृंदात कोण होते? बरेचसे गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले, व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे. पडद्यावर नाव यायचं संगीत दिग्दर्शकाचं. वाजवणाऱ्या पन्नास माणसांची नावं कुठे नसायची.

आता आपल्या सीडीकडे येते. असल्या निवडक गाण्यांच्या सीडीला संकलन म्हणतात. बाजारात पेन ड्राइव्ह मिळतो ना, 'सदाबहार पाचशे गाणी', तेही संकलनच. ते कसं तयार होतं? कंपनीकडे जुन्या मुद्रणाचे हक्क असतात. ती दहा तबकड्यांतून वीस गाणी निवडते, एका डब्यात भरते. ऐकणाऱ्याचा फायदा असतो, स्वस्तात चांगलं मिळतं. आम्हाला तरी नाहीतर बोसा नोव्हा कुठे मिळालं असतं? पण प्रत्येक वेळी गाणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाताना काहीतरी सांडतं. मूळ तबकडीवर गिटार कुणाची, ढोल कुणाचा, साल कोणतं, स्टुडिओ कोणता हे लिहिलेलं असतं. संकलनावर गाणं आणि गायक एवढंच उरतं. पेन ड्राइव्हवर तर 'ट्रॅक ०७' उरतं.

जुआंवच्या बाबतीत हेच झालं, आणि तो गप्प बसला नाही. त्या तीन तबकड्यांची छत्तीस गाणी आणि त्याच काळातली आणखी दोन, अशी अडतीस गाणी कंपनीने एकत्र करून नव्याने विकायला काढली. गाण्यांचा क्रम बदलला. आवाजावर यंत्राने नवी प्रक्रिया केली. कंपनीला वाटलं, जुन्याला पॉलिश केलं. जुआंव म्हणाला, माझं गाणं बिघडवलं. ज्याने महिनोन्महिने न्हाणीत बसून एकेक ठोका बसवला त्याला ते कळणारच. तो कोर्टात गेला. खटला वर्षानुवर्षं चालला, त्या तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्या, आणि शेवटी कोर्टाने मान्य केलं की पैशाचा हक्क कंपनीकडे असला तरी गाण्याची मोडतोड न होऊ देण्याचा हक्क गाणाऱ्याकडे राहतो. तोवर तो म्हातारा झाला होता. २०१९ मध्ये गेला.

हे वाचून झालं त्या रात्री मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली आणि झोप लागली नाही.

मूलकडच्या एका गावात आमच्या ओळखीच्या गटातल्या बायका धानाच्या रोवण्याला गेल्या होत्या. शहरातून काही जण कॅमेरा घेऊन आले. म्हणाले, रोवण्याची गाणी म्हणा, आम्ही जतन करणार आहोत. बायका चिखलात उभ्या राहून तासभर गायल्या. त्यांना चहा मिळाला. त्या दिवसाची मजुरी मात्र एक तासाने कमी भरली. काही महिन्यांनी कुणाच्या तरी नातवाला तो व्हिडिओ मोबाईलवर सापडला. सुंदर दिसत होता. खाली लिहिलं होतं, पारंपरिक लोकगीत. मग कॅमेऱ्यावाल्याचं नाव, संकलन करणाऱ्याचं नाव, संगीत संयोजन म्हणून आणखी एक नाव. गावाचं नाव नाही, एकाही बाईचं नाही. पुढे म्हणणाऱ्या आजींनी तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "आवाज तं माहाच हाय." बस, एवढंच.

त्या वेळी मी सहयोगिनी म्हणून त्यांच्यासोबत होते. मीच कॅमेरावाल्यांना हो म्हटलं होतं. नावं लिहून घ्या, हे मला सुचलं नाही. हे मी आज रेडिओवर कबूल करते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात १९९४ साली 'सादर करणाऱ्याचे' हक्क आले. सादर करणारा कोण? गायक, वादक, नर्तक तर आहेतच, पण कसरत करणारा, जादूगार, गारुडीसुद्धा त्या यादीत आहे. आणि भाषण देणाराही, म्हणजे या क्षणी मीसुद्धा. सादर करणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या गाण्याचं मुद्रण करून ते वापरता येत नाही, आणि हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. २०१२ साली आणखी भर पडली. हे मी सादर केलं असं नाव मागण्याचा, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा हक्क मिळाला. जुआंव जे कोर्टात मागत होता त्याच जातीचं हे.

इथे एक गोम आहे, ती नीट समजून घ्या. रोवण्याचं गाणं, भुलाबाईचं गाणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्याच्या शब्दांवर कुणा एकीची मालकी नाही, आणि नसावी असं माझं मत आहे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल भुलाबाई आमच्या कंपनीची. पण त्या दिवशी, त्या बांधीत उभं राहून जी म्हणाली, ते म्हणणं तिचं. गाणं सगळ्यांचं, पण म्हणणारीला नाव आहे. 'पारंपरिक' हा शब्द लिहिला की नाव लिहायची गरज संपली, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते खरं नाही.

आणि नाव लिहून काम होऊ शकतं, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. बर्नार्ड बेल नावाच्या संगीताच्या अभ्यासकाने १९९० नंतरच्या वर्षांत कित्येक तास मुद्रण केलं. तेव्हा गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती. ओव्या म्हणणाऱ्या बायकांचीच ती शेवटची पिढी असं वाटत होतं. दोघेही आता हयात नाहीत, पण २०१७ पासून 'पारी' ही संस्था त्या ओव्या सगळ्यांना ऐकता येतील अशा ठेवते आहे. ओवीपाशी बाईचं नाव, तिचं गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो. काही बायकांचे फोटोही आहेत. हेही संकलनच, पण यात काही सांडलं नाही. घरी मोबाईल असेल तर नातवंडांना सांगून लावून घ्या. मी एकदा सुरू केलं तर वरण लागलं होतं.

मग आम्ही गटात काय ठरवलं ते सांगते. कुणी मुद्रण करायला आलं तर आधी बसून बोलायचं. कशासाठी, कुठे लावणार, पैसे मिळाले तर आमचा वाटा काय, हे एका कागदावर दोन ओळींत लिहून त्यांची सही घ्यायची. कागदाची एक प्रत गटाच्या फाइलमध्ये राहील. आणि सगळ्यात साधं, गाणं सुरू करण्याआधी कॅमेऱ्यासमोर किंवा माईकसमोर प्रत्येकीने आपलं नाव आणि गाव मोठ्याने बोलायचं. कागद हरवतो, पण आवाजातच नाव असेल तर ते कापायला कुणालातरी कात्री हातात घ्यावी लागेल.

यंदा भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसल्या की कोजागिरीपर्यंत आपल्या रेडिओवर रोज एक गाणं लागणार आहे. आमचा गट त्यातली पाच गाणी म्हणणार. परवा सराव होता. नावं बोलायची वेळ आली आणि तिथेच अडलं. नाव कोणतं सांगायचं? लग्नात बदललेलं की जन्माचं? गाव सासरचं की माहेरचं? तरुण सुना म्हणाल्या आधार कार्डावर आहे ते सांगू. आजी ऐकेनात. म्हणाल्या, "गाणं मी माह्या मायपासून शिकली, तिकडं वणीकडं. या घरी येऊन शिकली का?" त्यावर अर्धा तास वाद झाला, सराव राहून गेला. शेवटी असं ठरलं की ज्या गावात जे गाणं शिकलो त्या गावाचं नाव घ्यायचं. त्यामुळे आता आजींना पाच गाण्यांत तीन गावं सांगावी लागणार आहेत, आणि त्या ती पाठ करत बसल्या आहेत.